फौजदारी न्यायालयीन कागदपत्रे : गोपनीयता व सार्वजनिकता

फौजदारी खटल्याच्या ओघात न्यायालयात दाखल होणाऱ्या किंवा न्यायालयातच तयार होणाऱ्या लेखांना फौजदारी न्यायालयीन कागदपत्रे असे म्हणतात. पहिली खबर, पंचनामे, साक्षीदारांचे पोलीस जबाब, वैद्यकीय दाखले, दोषारोपपत्र, जामीन अर्ज, रोजनामा, न्यायालयात नोंदलेल्या साक्षी, निशाण्या व अखेरचे निकालपत्र हे त्यांतील प्रमुख लेख होत. ही कागदपत्रे कोणास पाहता यावीत, कोणास त्यांची नक्कल मिळावी आणि त्यांतील कोणता मजकूर प्रसिद्ध करता यावा, हा न्यायदानातील जुना व अद्याप पूर्णतः न सुटलेला प्रश्न आहे. शिक्षा देण्याचा अधिकार राज्यसंस्थेचा सर्वांत कठोर अधिकार असल्याने तो लोकांच्या डोळ्यांदेखत वापरला जावा, ही या प्रश्नाची एक बाजू. त्याच कागदपत्रांत पीडित व्यक्तीची लज्जा, साक्षीदाराचा जीव, अज्ञान मुलाचे भवितव्य व अद्याप दोषी न ठरलेल्या आरोपीची अब्रू गुंतलेली असते, ही दुसरी बाजू होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : खुल्या न्यायालयाचे तत्त्व इंग्रजी विधिपरंपरेतून भारतात आले. जेरेमी बेंथॅम (१७४८–१८३२) या विधिचिंतकाने प्रसिद्धी हाच न्यायाधीशावरील खरा अंकुश मानला होता. ‘स्कॉट विरुद्ध स्कॉट’ (१९१३) या विवाहविषयक दाव्यात हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने असा दंडक घातला, की कामकाज खुलेपणाने चालविणे हा नियम असून साक्ष संकोच वाटण्याजोगी आहे एवढ्याच कारणाने तो मोडता येत नाही. बंद दालनातील सुनावणीवाचून न्याय करणेच अशक्य होईल, तेथेच अपवाद करावा. भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५२ व्या कलमाने हे तत्त्व विधिबद्ध केले. १९७३ च्या संहितेत ते ३२७ व्या कलमात होते आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३६६ व्या कलमात आहे. फौजदारी न्यायालय ज्या जागी भरते, ती जागा खुली समजली जावी व तीत सोयीने मावतील तितक्या लोकांना प्रवेश असावा, असा या कलमाचा आशय आहे. मात्र न्यायाधीशास योग्य वाटल्यास सर्व लोकांना किंवा विशिष्ट व्यक्तीस तेथून दूर ठेवण्याचा अधिकार त्याच कलमाने दिलेला आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. न्यायालयाचे दार उघडे असणे वेगळे आणि न्यायालयाचे दप्तर उघडे असणे वेगळे. दालनात बसून साक्ष ऐकणाऱ्या नागरिकास त्या साक्षीची नक्कल मागण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. निकालपत्राची प्रत आरोपीस विनामूल्य मिळते. निकालाचा ज्यांच्यावर परिणाम होतो अशा इतर व्यक्तींना ती शुल्क भरून मिळते. परंतु ज्यांचा खटल्याशी संबंध नाही त्यांना नक्कल द्यावी की नाही व कोणत्या अटींवर द्यावी, हे ठरविण्याचे काम संहितेने उच्च न्यायालयांच्या नियमांवर सोपविले आहे. हे नियम प्रायः कारण सांगावयास लावणारे आहेत. गुजरात उच्च न्यायालयाच्या अशा एका नियमानुसार तिऱ्हाइतास प्रतिज्ञापत्रासह कारण नमूद करून अर्ज करावा लागतो. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमात कारण विचारण्यास मनाई असल्याने या नियमाचे काय करावयाचे, असा प्रश्न उद्‌भवला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये असा निर्णय दिला, की न्यायिक अभिलेखांच्या प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांन्वयेच मागावयास हव्यात, माहिती अधिकाराचा मार्ग त्यासाठी नाही. परिणामी शासनाच्या कोणत्याही कचेरीतील कागद मागताना जे सांगावे लागत नाही, ते न्यायालयातील कागद मागताना सांगावे लागते. खुलेपणाचा आदर्श म्हणून ज्या संस्थेकडे पाहिले जाते, तिच्याच दप्तराची ही स्थिती काहीशी विसंगत होय.

मिरजकर प्रकरण : साक्षीदाराच्या विनंतीवरून त्याच्या साक्षीची प्रसिद्धी रोखता येते काय, हा प्रश्न भारतात प्रथम मुंबईत उपस्थित झाला. ब्लिट्‌झ साप्ताहिकाचे संपादक रु. क. करंजिया यांच्याविरुद्ध कृष्णराज ठाकरसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला होता. दावा दिवाणी होता, तथापि त्यातून निघालेले तत्त्व पुढे फौजदारी खटल्यांनाही लागू पडले. त्यातील एका व्यापारी साक्षीदाराने, आपल्या पूर्वीच्या साक्षीचे वृत्त छापून आल्यामुळे धंद्यात नुकसान सोसावे लागले, अशी तक्रार करून पुढील साक्ष वृत्तपत्रांत येऊ नये अशी विनंती केली. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ती तोंडी आदेशाने मान्य केली. साप्ताहिकाचे बातमीदार नरेश श्रीधर मिरजकर व अन्य पत्रकार यांनी या आदेशामुळे आपल्या भाषणस्वातंत्र्याचा भंग झाला, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मार्च १९६६ मध्ये ती याचिका फेटाळली. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या बहुमताच्या निर्णयानुसार खुली सुनावणी हा नियम असला, तरी न्याय करणे हाच न्यायालयाचा मूळ हेतू होय. त्या हेतूस बाधा येत असेल, तर प्रसिद्धी रोखण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयास आहे. न्यायमूर्ती मुहंमद हिदायतुल्ला यांनी मात्र विरुद्ध मत नोंदविले. धंद्यातील तोट्याच्या भीतीने साक्षीवर पडदा टाकला जाऊ लागला, तर खुलेपणाला अर्थ उरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. बहुमताने सांगितलेले तत्त्व आजही मान्य असले, तरी त्या विशिष्ट वस्तुस्थितीत हिदायतुल्ला यांचीच बाजू अधिक सबळ होती असे म्हणावे लागते. कारण साक्षीदाराच्या जिवाला धोका नव्हता की त्याची लज्जा पणाला लागली नव्हती.

याच साप्ताहिकाचा संबंध असलेला त्याआधीचा नानावटी खटला (१९५९) प्रसिद्धीची दुसरी बाजू दाखवितो. आरोपीस अनुकूल असे वातावरण वृत्तपत्रीय प्रचाराने निर्माण झालेले असताना मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने त्यास निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने ते मत अमान्य करून शिक्षा दिली व ती सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. [→ ज्यूरी पद्धति]. खटला चालू असता त्यासंबंधी होणाऱ्या प्रसिद्धीवर मर्यादा कशी घालावी, याचे उत्तर बऱ्याच उशिरा, २०१२ मध्ये, सहारा प्रकरणात मिळाले. न्यायालयीन कामातील एक गोपनीय प्रस्ताव दूरचित्रवाणीवर झळकल्यावर पाच न्यायाधीशांच्या पीठाने असे ठरविले, की निःपक्ष सुनावणीस खरा व भरीव धोका असेल आणि अन्य उपाय नसेल, तरच न्यायालयाने प्रसिद्धी काही काळ पुढे ढकलण्याचा आदेश द्यावा. कायमची बंदी व तात्पुरते लांबणीवर टाकणे यांत या निर्णयाने केलेला फरक महत्त्वाचा आहे.

पीडितेचे नाव : गोपनीयतेच्या बाजूने झालेला सर्वांत मोठा वैधानिक बदल महाराष्ट्रातील एका घटनेतून घडून आला. मार्च १९७२ मध्ये त्यावेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडून दिले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडून दिले. या निर्णयाविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर या विधीच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले व त्यातून देशव्यापी आंदोलन उभे राहिले. विधी आयोगाचा १९८० चा अहवाल व १९८३ चा फौजदारी विधी (सुधारणा) अधिनियम ही त्याची फलिते होत. या अधिनियमाने दंडसंहितेत २२८-अ हे कलम घालून बलात्कारपीडितेची ओळख पटेल असा मजकूर छापणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा ठरविला, तसेच अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात व्हावी असे बंधन घातले. आता भारतीय न्याय संहितेच्या ७२ व ७३ या कलमांत या तरतुदी आहेत. विधीच्या इतिहासातील एक विचित्र योगायोग असा, की ज्या मुलीवरील अत्याचारामुळे हे संरक्षण निर्माण झाले, तिला स्वतःला ते मिळाले नाही. निर्णयाचे शीर्षक आरोपींच्या नावाने असूनही तो खटला देशभर त्या मुलीच्याच नावाने ओळखला गेला व विधीच्या पाठ्यपुस्तकांत आजही तसाच ओळखला जातो.

मूळ कलमात उच्च व सर्वोच्च न्यायालयांची निकालपत्रे छापणे या गुन्ह्यातून वगळलेले होते. त्यामुळे वृत्तपत्रांना जे नाव छापता येत नव्हते, ते निर्णयसंग्रहांत मात्र सर्रास आढळे. ‘पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग’ (१९९६) व त्यानंतरच्या २००३ मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांनीही निकालपत्रात नाव टाळून ‘पीडिता’ असा उल्लेख करावा, असे सुचविले. ‘निपुण सक्सेना विरुद्ध भारत सरकार’ (डिसेंबर २०१८) या निर्णयाने हे बंधन अधिक काटेकोर केले. नाव असलेले मूळ कागद पोलिसांनी शक्यतो बंद लखोट्यात ठेवावेत व एरवी नाव वगळलेल्या प्रती वापराव्यात, लैंगिक गुन्ह्यांतील पहिली खबर लोकांसाठी खुली करू नये आणि पीडिता मृत झाली असली, तरीही नातेवाइकांच्या केवळ संमतीने तिचे नाव उघड करू नये, असे त्यात सांगितले आहे. न्यायालयाच्या मते मृत व्यक्तीलाही प्रतिष्ठा असते. आंदोलनाचे प्रतीक म्हणून नाव वापरू इच्छिणाऱ्या पालकांची अडचण यामुळे झाली आहे. असे प्रकटन आवश्यक आहे की नाही याचा निर्णय सत्र न्यायाधीशाने करावयाचा असतो. सज्ञान पीडिता स्वतः मात्र आपली ओळख प्रकट करू शकते.

इंग्लंडमध्ये १९७६ च्या अधिनियमाने बलात्काराची तक्रार करणाऱ्या स्त्रीबरोबरच आरोपीलाही अनामिकता दिली होती. आरोपीची ही सवलत १९८८ मध्ये काढून घेण्यात आली. भारतात आरोपीस असे सर्वसाधारण संरक्षण कधीच नव्हते.

अज्ञान मुलांबाबत भारतीय विधी सर्वाधिक स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार विधिसंघर्षग्रस्त किंवा पीडित बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई असून दोषी ठरलेल्या बालकाचा अभिलेखही अपिलाची मुदत वा अन्य वाजवी काळ उलटल्यावर नष्ट करावयाचा असतो. घोर गुन्ह्यात सज्ञानाप्रमाणे न्यायचौकशी होऊन दोषी ठरलेला सोळा ते अठरा वर्षांचा मुलगा याला अपवाद आहे. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवालही गोपनीय मानला जातो.

पहिली खबर व दोषारोपपत्र : तपासाच्या टप्प्यावरील कागदांची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. पोलीस तपासाची दैनंदिनी ही संपूर्ण गोपनीय असून ती आरोपीलाही मागता येत नाही. तपास अधिकाऱ्याने साक्ष देताना स्मरणासाठी तिचा आधार घेतला किंवा त्याची साक्ष खोडून काढण्यासाठी न्यायालयाने तिचा उपयोग केला, तरच तेवढा भाग आरोपीस पाहता येतो. दंडाधिकाऱ्यासमोर नोंदविलेला पीडितेचा जबाबही न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेईपर्यंत कोणास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे.

पहिली खबर मात्र २०१६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ‘यूथ बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नोंदविल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या वा राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला. संपर्काच्या अडचणी असल्यास ही मुदत ४८ तास व दुर्गम प्रदेशांत ७२ तासांपर्यंत वाढविता येते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार, बंडखोरी व दहशतवाद यांसारख्या संवेदनशील प्रकरणांतील खबर त्यातून वगळली आहे आणि खबर संवेदनशील आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास नाही. आदेशामागील हेतू आरोपीच्या हिताचा होता. आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे कळल्यावाचून माणसाला अटकपूर्व जामिनाचा अर्जही नीट करता येत नाही आणि ठाण्यातून प्रत मिळविणे हे गरिबाला सोपे नसते. तथापि पहिल्या खबरीच्या छापील नमुन्यात फिर्यादीचे व आरोपीचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, वय, पत्ता, व्यवसाय असे अनेक रकाने असतात. शेजाऱ्याशी झालेल्या मारामारीची खबरही त्या तपशिलांसह जगास दिसू लागते आणि पुढे तडजोड झाली वा तक्रार खोटी ठरली, तरी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती मागे घेता येत नाहीत. आरोपीच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था अशा रीतीने त्याच्यावरच उलटू शकते.

मग दोषारोपपत्रही संकेतस्थळावर का नसावे, असा प्रश्न ‘सौरव दास विरुद्ध भारत सरकार’ या जनहित याचिकेत विचारण्यात आला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी नाकारली. दोषारोपपत्र व त्यासोबतची कागदपत्रे हे पुरावा अधिनियमाच्या ७४ व्या कलमातील सार्वजनिक दस्तऐवज नव्हेत, ती आरोपीला देण्याचे बंधन आहे पण लोकांना देण्याचे नाही आणि ती सरसकट खुली केल्यास आरोपी, पीडित व तपासयंत्रणा या तिघांच्याही हक्कांना बाधा येईल, असे न्यायालयाने म्हटले. या निर्णयामागे पुराव्याच्या विधीतील एक जुने तत्त्व उभे आहे. पोलिसांनी नोंदविलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही व त्याचा उपयोग प्रायः त्या साक्षीदाराला विरोधी वचनात पकडण्यापुरताच करता येतो. म्हणजेच तो पुरावा नव्हे. दोषारोपपत्राचा मोठा भाग असल्या जबाबांचाच असतो. तो न्यायालयात कसाला लागण्यापूर्वी लोकांपुढे गेला, तर वाचणारा त्यालाच सिद्ध झालेली हकिकत समजतो.

या निर्णयावरील टीकाही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. तपासयंत्रणा अटकेनंतर वार्ताहर परिषदा घेतात व दोषारोपपत्रातील निवडक उतारे वृत्तपत्रांकडे पोहोचतात. बंदी केवळ संपूर्ण दस्तऐवजावर राहते. अर्धवट मजकूर सर्वांपुढे व पूर्ण मजकूर कोणापुढेच नाही, ही स्थिती आरोपीला सर्वांत घातक होय, कारण त्याला अनुकूल असलेला भाग त्याच दप्तरात पडून राहतो. २०२२ अखेर देशातील कारागृहांत असलेल्या कैद्यांपैकी सु. तीन चतुर्थांश कैदी न्यायाधीन होते, हे ध्यानात घेता हा दीर्घ मधला काळ किती जणांच्या आयुष्यावर सावली धरतो, याची कल्पना येते.

आरोपी विरुद्ध पीडित : गोपनीयता व सार्वजनिकता यांचा वाद केवळ न्यायालय व लोक यांच्यातील नसतो; पुष्कळदा तो आरोपी व पीडित यांच्यातच असतो. स्वतःविरुद्धचा सर्व पुरावा मिळणे हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे. परंतु पुरावा म्हणजेच अत्याचाराचे चित्रण असेल तर काय करावयाचे? केरळमधील एका गाजलेल्या खटल्यात आरोपीने स्मृतिपत्रावरील चित्रणाची प्रत मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ते चित्रण ‘दस्तऐवज’ ठरते हे मान्य केले, पण प्रत देण्यास नकार दिला. आरोपीस, त्याच्या वकिलास व तज्ञास ते न्यायालयात पाहण्याची मुभा देण्यात आली. प्रत देणे व पाहू देणे यांत केलेला हा फरक व्यवहार्य आहे. प्रत एकदा हातात गेली, की तिच्यावर कोणत्याही न्यायालयाचा ताबा राहत नाही.

धमक्यांच्या छायेतील साक्षीदारांसाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने अंमलात आली व आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्यास अशी योजना करणे बंधनकारक केले आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्येच याविषयी स्वतंत्र अधिनियम केला होता. दहशतवादविरोधी अधिनियमांत साक्षीदाराचे नाव व पत्ता आरोपीपासूनही लपविण्याची तरतूद आहे. या संरक्षणाची गरज नाकारता येत नाही. पण उलटतपासणी घेणाऱ्याला साक्षीदार कोण हेच माहीत नसेल, तर तो हितशत्रू आहे किंवा काय, हे कसे दाखविणार, हा बचाव पक्षाचा प्रश्नही खरा आहे.

तपासयंत्रणांनी न्यायाधीशाकडे बंद लखोट्यात मजकूर देण्याच्या प्रथेला मात्र संरक्षणाचे असे समर्थन क्वचितच लाभते. एका माजी केंद्रीय मंत्र्याच्या जामीन प्रकरणात उच्च न्यायालयाने लखोट्यातील मजकुराच्या आधारे निष्कर्ष नोंदविले होते. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रीत निःपक्ष सुनावणीच्या कल्पनेशी विसंगत ठरविली. एप्रिल २०२३ मध्ये एका वृत्तवाहिनीच्या परवान्यासंबंधीच्या निर्णयात या प्रथेवर न्यायालयाने अधिक कठोर टीका केली.

अमेरिकेतील व्यवस्था : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दप्तर उघडे असणे हा नियम आहे. न्यायालयीन अभिलेख पाहण्याचा व उतरवून घेण्याचा सर्वसाधारण हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्य केला, मात्र तो निरंकुश नाही असेही सांगितले. संघीय न्यायालयांची कागदपत्रे ‘पेसर’ या संगणकीय यंत्रणेवर पृष्ठागणिक अल्प शुल्क भरून कोणालाही मिळतात. दिवाणी कागद या रीतीने खुले करताना फौजदारी कागद मात्र थांबवावेत, असे तेथील न्यायिक परिषदेने २००१ मध्ये ठरविले होते. सरकारी पक्षास साहाय्य करणाऱ्या आरोपींवर सूड घेतला जाईल, ही त्यामागील मुख्य भीती होती. पुढे हे धोरण बदलले व डिसेंबर २००७ पासून एक निश्चित नियम लागू झाला. त्यानुसार कागद दाखल करणाऱ्याने सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे व बँक खात्याचे केवळ शेवटचे चार अंक, जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष, अज्ञान मुलांची केवळ आद्याक्षरे आणि घराच्या पत्त्यातील केवळ शहर व राज्य एवढेच लिहावयाचे असते. ही जबाबदारी न्यायालयाच्या लिपिकावर नसून पक्षकारावर व त्याच्या वकिलावर आहे. भारतात अशा प्रकारचा सर्व फौजदारी कागदांना लागू होणारा नियम नाही. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षकारांच्या नावांपुढे जात वा धर्म लिहिण्याची प्रथा सर्व न्यायालयांत बंद करण्याचा आदेश दिला, तो या दिशेने टाकलेले एक छोटे पाऊल म्हणता येईल.

संगणकीकरण व विस्मृतीचा हक्क : जुन्या काळी निकालपत्र सार्वजनिक असले, तरी ते शोधणे कष्टाचे होते. जिल्हा न्यायालयाच्या अभिलेखकक्षात जाऊन, अर्ज करून, नक्कल विभागाच्या खिडकीशी उभे राहून ते मिळवावे लागे. ज्याला खरोखर गरज असे, तोच एवढी खटपट करी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये अशाच स्थितीची दखल घेतली होती. निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले सार्वजनिक कागद व त्यांचे एकत्र संकलन यांत गोपनीयतेच्या दृष्टीने मोठा फरक आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले होते. भारतात २००८ नंतर खासगी संकेतस्थळांवर निर्णय विनामूल्य शोधता येऊ लागले, २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक माहितीजाल खुले झाले व ई-न्यायालय प्रकल्पामुळे तालुक्याच्या न्यायालयातील आदेशही घरबसल्या दिसू लागले. वकील, अभ्यासक व पक्षकार यांचा यामुळे झालेला लाभ फार मोठा आहे. त्याचबरोबर नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा वा सोयरिकीची चौकशी करणारा माणूस केवळ नाव टाकून कोणाचाही जुना खटला काढू शकतो. शोधात खटला प्रथम दिसतो. निर्दोष सुटल्याचे शेवटच्या पानावर असते व तेथपर्यंत फारसे कोणी वाचत नाही.

‘राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य’ (१९९४) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयीन अभिलेखावर आधारलेल्या लेखनास गोपनीयतेच्या हक्काचा अडसर नाही, असे सांगून लैंगिक अत्याचार, अपहरण व तत्सम गुन्ह्यांतील पीडित स्त्रियांपुरता अपवाद केला होता. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरविल्यावर निर्दोष सुटलेल्या व्यक्ती आपली नावे निकालपत्रांतून वगळावीत, अशी मागणी करू लागल्या. उच्च न्यायालयांची उत्तरे एकसारखी नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अंमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका परदेशस्थ भारतीयास अंतरिम दिलासा देऊन त्याचे निकालपत्र शोधयंत्रांत दिसू नये असा आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने त्याच वर्षी, विधिमंडळाने नियम केल्याशिवाय न्यायालयाने हे करू नये, असे म्हटले. त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये उलट निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्यास स्थगिती दिली. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कौटुंबिक व तत्सम प्रकरणे सोडता चालू वा अलीकडील कामकाजाबाबत असा हक्क मान्य करण्यास नकार दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने न्यायिक कार्यासाठी होणाऱ्या माहितीच्या वापरास त्यातील बहुतेक बंधनांतून सूट दिली असल्याने त्या अधिनियमातूनही या प्रश्नाचे थेट उत्तर मिळत नाही.

नाव झाकणे व निकालपत्र झाकणे या दोन गोष्टी भिन्न आहेत आणि चर्चेत त्यांची वारंवार गल्लत होते. निकालपत्र नाहीसे केले, तर पोलिसांनी निरपराध माणसास गुंतविल्याचा किंवा न्यायाधीशाने चूक केल्याचा पुरावाही नाहीसा होतो. आरोपीच्या नावाऐवजी आद्याक्षरे घातल्यास विधीचे तत्त्व, साक्षीपुराव्याची चिकित्सा व न्यायाधीशाची कारणे ही सर्व अबाधित राहतात. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने प्रारंभिक निर्णयासाठी आलेल्या प्रकरणांत व्यक्तींच्या नावांऐवजी अक्षरे वापरण्याची पद्धत जुलै २०१८ पासून स्वीकारली आहे. दोषी ठरलेल्या लोकसेवकाने वा सत्ताधाऱ्याने मात्र अशीच सवलत मागितल्यास ती द्यावी काय, याविषयी मतभेद आहेत व ते राहणारच.

अभिलेखांचे ऐतिहासिक मूल्य : न्यायालयीन दप्तरे कायमची ठेवली जात नाहीत, ठराविक मुदतीनंतर त्यांतील बरेच कागद नियमांनुसार नष्ट केले जातात. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन सुरक्षित राहिले, ते खटल्याच्या कामकाजाचे वृत्त वेळीच छापले गेल्यामुळे. लोकमान्य टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याचा संपूर्ण शब्दशः वृत्तांत न. चिं. केळकर यांनी त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. ज्यूरीची निवड, सरकारी भाषांतरांवरील आक्षेप, टिळकांचे अनेक दिवस चाललेले बचावाचे भाषण व न्यायमूर्ती दावर यांनी २२ जुलै रोजी दिलेली शिक्षा यांचा तपशील आजच्या वाचकास मिळतो, तो या वृत्तांतामुळेच.